बावीसवरचा रंग

कडी उघडताना श्वास धरावा लागतो.
सत्तर वर्षांचा पत्रा एकदा वाकतो,
दुसऱ्यांदा तुटतो.
पेचकसाचं टोक कडेकडेनं फिरवलं,
तान्ह्या पोराच्या तोंडातून बटण काढावं तसं,
आणि काच तळहातावर आली.

आत फियाटचा चेहरा,
लोक जिला डुक्कर म्हणत त्या गाडीचा.
करपलेला, पिवळा, शून्य ते ऐंशी, मैलांत.
मालगावचे आवटी, जनावरांचे डॉक्टर, त्यांची गाडी.
काटा एकदा बावीसवर अडला तो अडलाच.
दुरुस्त करून घ्या म्हणणाऱ्याला ते म्हणत,
म्हशीला कुठं घाई असते?

हे त्यांच्या लेकीनं सांगितलं, शशिकलाबाईंनी.
किल्ली रुमालात बांधून आणली होती.
नवी नको, म्हणाल्या, होती तशी करा.
होती तशी म्हणजे कशी,
ते त्यांनाही आठवेना.
पांढरी होती. मग म्हणाल्या, पांढरी नव्हे.

मी मूळचा बोर्डवाला, बारगीर पेंटर.
मिरज स्टेशनापासून मार्केटपर्यंत माझी अक्षरं होती.
फ्लेक्स आलं, एका दिवाळीत सगळी उतरली.
ब्रश तेवढे राहिले, खारीच्या केसांचे.
शून्य नंबरचा अजून टोक धरतो.

काटा उपसला
तर खाली काट्याएवढीच एक रेघ,
ताजी.
उन्हानं सगळी तबकडी चाटून नेली,
एवढी जागा त्याच्या जिभेला लागली नव्हती.

सहा दिवस रंग जुळेना.
पहिला झाला कवडी दह्यासारखा,
दुसरा हळदीच्या पोत्यावरल्या धुळीसारखा,
तिसऱ्यात काळ्याचा एक थेंब जास्त.
शेजारच्या सतारीच्या कारखान्यातला हणीफ
भोपळा कोरता कोरता उठून आला,
चष्मा कपाळावर सारून म्हणाला,
खरवस बघ. दुसऱ्या दिवसाच्या चिकाचा.
मागच्या गल्लीत म्हैस व्यालेलीच होती.
वाटी आणून रेघेशेजारी धरली.
तोच.

मग शंभरच्या बल्बखाली थरावर थर,
पंखा बंद, दार बंद, माशी आली की पुन्हा पहिल्यापासून.
दूर देशातल्या कुणीतरी सहाचं पोट
जरा जास्तच सुटलेलं काढलं होतं.
मीही सुटलेलंच काढलं.
रेघेवर हात शेवटी फिरवायचा, असं ठरवलं होतं.
त्या दिवशी ती शोधली,
सापडेना.

आतलं यंत्र घड्याळवाल्या पटवेकरांनी मोकळं केलं.
काटा शून्याला टेकला.
शशिकलाबाई बसल्या, नखानं काचेवर दोनदा टकटक केलं,
थांबल्या.
काटा हलला नाही.
बाबा असं करायचे, म्हणाल्या,
माझ्याकडं न बघता.

तेवढ्यात तिरपं ऊन आत आलं
आणि मला दिसलं, काचेच्या आतल्या बाजूला,
साठच्या पुढं, जिथं डॉक्टर कधी गेले नसतील,
माझ्या अंगठ्याचा ठसा.
अख्खा. रेषा मोजाव्यात असा.
पुन्हा उघडायचं तर कडी जाणार.

बोललो नाही.
पैसे मोजून घेतले, त्यातले दोनशे परत केले.
हे कशाचे, त्यांनी विचारलं.
रंग उरला, म्हटलं.