एका नांगीचा खेकडा

अक्रात, नोंदणी कचेरीच्या फाटकासमोर
कडुलिंबाखाली माझं टेबल आहे.
टाइपरायटर गेला, लॅपटॉप आला,
टेबलाचा चौथा पाय मात्र अजून विटेचाच.

त्या दिवशी मंगळवार होता.
एल्मिनाला मंगळवारी होड्या पाण्यात घालत नाहीत,
तो समुद्राच्या सुट्टीचा वार.
म्हणून आराबा बेंट्सिल त्या दिवशी आली,
पहाटेची गाडी पकडून,
मांडीवर दोन बाटल्या सांभाळत.

शितो. काळी, तिखट,
सुकी कोळंबी, आलं, तेल
आणि दुपारभर ढवळणारा हात.
आधी शेजारणी न्यायच्या, मग शाळेचं वसतिगृह,
आता कुमासीतली सोळा दुकानं,
आणि लंडनहून कुणीतरी विचारतंय,
महिन्याला किती पेट्या?

बाटल्या तिनं टेबलावर ठेवल्या.
"यातली माझी कुठली, सांग."
तेच पिवळं लेबल, तेच लाल झाकण,
तेच नाव : आंटी आराबा.
मला सांगता येईना.
"एक तेमाची आहे. तिच्यात कोळंबी नाही,
कोळंबीचं नुसतं नाव आहे.
परवा एक बाई माझ्या दारात येऊन भांडली,
पोराचं पोट बिघडलं म्हणून.
ऐकून घेतलं मी. दुसऱ्याच्या चटणीसाठी."

मी फॉर्म उघडला, नाव टाइप केलं, थांबलो.
वीस वर्षं या झाडाखाली काढल्यावर
आतला साहेब काय म्हणेल ते आधीच ऐकू येतं.
"मावशी, मंगळवारी जन्मलेली
प्रत्येक फांटी मुलगी आराबा.
किनाऱ्यावर हाक मारली तर शंभर माना वळतील.
ते एकटीच्या नावावर कसं करून देतील?"

ती गप्प. मग हसली, जरा कडूच.
"म्हणजे बासष्ट वर्षं मी उसन्या नावावर काढली."

तेव्हा कुठे मला कोपऱ्यातला खेकडा दिसला.
एका बाटलीवर त्याला दोन नांग्या,
दुसरीवर एकच.
"फीफीनं काढला. सहा वर्षांचा होता.
बिस्किटांच्या खोक्याचा पुठ्ठा,
तो डावीकडे संपला.
छापणारा म्हणाला, दुसरी नांगी मी जोडतो, फुकट.
म्हटलं, राहू दे, पोरगं रडेल."

चोरानं सगळं उचललं होतं,
फक्त चूक तेवढी सुधारून.

वर्ग तीस. चटण्या, मसाले.
चिन्हाचं वर्णन :
खेकडा. उजवी नांगी वर उचललेली. डावी नाही.
जे नाही त्यावरही हक्क सांगता येतो,
हे मी पहिल्यांदाच टाइप केलं.

फीफी आता रॉटरडॅमच्या बंदरात क्रेन चालवतो.
फोनवर म्हणाला, "आई, लाज वाटते मला त्याची.
कुणा चांगल्या चित्रकाराकडून घे की काढून."
"वाटू दे लाज," ती म्हणाली, "पण सही कर."

मग खेकडा सरकारी पत्रकात छापून आला,
कुणाची हरकत असेल तर कळवा म्हणून.
दर मंगळवारी तिचा फोन :
"कुणी काही बोललं?"
"नाही."
"बघ हं. माणसं शेवटच्या दिवशी बोलतात."

कुणी बोललं नाही.
प्रमाणपत्र घ्यायला आली ती नवी चप्पल घालून.
"किती दिवस चालतं हे?"
"दहा वर्षं. मग पुन्हा नोंदवायचं."
तिनं बोटांवर मोजलं.
"बहात्तराव्या वर्षी येईन. तू असशील?"
मी टेबलाखालच्या विटेकडे पाहिलं,
आणि हो म्हणालो.

जाताना तिनं एक बाटली ठेवली, एका नांगीची.
"तुझी पाटी कुठे रे? शोधत फिरले मी पहिल्यांदा."
पाटी नाही. मला सगळे 'कडुलिंबाखालचा' म्हणतात.
गेल्या महिन्यापासून झाडाच्या पलीकडच्या सावलीत
एक तरुण पोरगा टेबल टाकून बसतो.
टेबलाला चारही पाय आहेत.
विचारलं तर लोक सांगतात,
तोही कडुलिंबाखालचाच.