लाक्षणिक तरतूद

बेलापूरला, चौथ्या मजल्यावर, लेखा विभागात
मी बारा मार्च काढले.
अंदाजपत्रकातले आकडे हजारात असतात,
म्हणजे एक लिहिला की एक हजार.
पान एकशे सत्तेचाळीस, खालून तिसरी ओळ:
बस आगार व निवारा, तळवली (नवीन).
समोर एक.
पुढच्या वर्षी एक.
त्याच्या पुढच्याही.
कंसातलं 'नवीन' तेवढं कुणी खोडलं नाही.

याला लाक्षणिक तरतूद म्हणतात.
जाणाऱ्याच्या तोंडात घालतात ते तुळशीचं पाणी,
फक्त इथं तो जाऊ नये म्हणून.

अग्रक्रम कसा ठरतो ते मला विचारा.
त्या बैठकांना मी असायचो, भिंतीलगतच्या खुर्चीत,
मांडीवर मागल्या तीन वर्षांच्या फायली.
वाईट तिथं कुणीच नसतं.
उड्डाणपुलाला कर्ज मिळतं,
कर्ज मिळतं म्हणून सल्लागार मिळतो,
सल्लागार आला की अहवाल येतो, रंगीत,
त्यात झाडंही असतात
आणि झाडांखालून चालणारी, कुठलीच घाई नसलेली माणसं.
निवाऱ्याला कर्ज कोण देणार?
चार खांब, एक पत्रा, एक बाकडं.
एवढ्याशा कामाचं भूमिपूजन म्हणजे
नारळ घेऊन किती खाली वाकायचं!

एका वर्षी माझं बोट अडखळलं.
एकावर शून्य पडलं.
दहा.
दुपारी तीनच्या आत चार फोन.
मुख्य लेखापाल, उपायुक्त, पुन्हा मुख्य लेखापाल,
मग वरून कुणी इनामदार:
"तळवलीला हे काय काढलंय नवीन?
आणि तळवली आलं कुठं?"
घणसोलीच्या पुढं, म्हटलं, रबाळ्याच्या अलीकडे.
त्या इमारतीत त्या नावाचा उच्चार
इतक्या वेळा कधीच झाला नव्हता.
संध्याकाळी मी शून्य काढलं,
दिलगिरीचं टिपण दिलं, दोन प्रतींत.
खरंच अडखळलं होतं का बोट,
आता आठवत नाही.

निवृत्तीनंतर एका मंगळवारी तिथं गेलो.
हिरव्या पत्र्यांचं कुंपण, 'आगारासाठी आरक्षित',
आत कुणाच्या तरी हळदीचा मांडव सोडत होते.
बाहेर एक खांब, खांबाला साखळीनं बांधलेली
लाल प्लास्टिकची खुर्ची, एक हात तुटका.
खुर्ची यमुना मढवीची.
साखळी तिच्या विकलेल्या म्हशीची.
कुंपणाआतली जमीन तिच्या सासऱ्यांची, एके काळी.
तिनं मला बसवलं, स्वतः उभी राहिली,
डोक्यावर पदर, पदरावर ऊन.

मी उगाच बोलून गेलो:
दर वर्षी या थांब्याच्या नावावर एक हजार असतात.
"मंग तं पैसं कय जातान?"
मार्चअखेर व्यपगत होतात.
व्यपगत.
तिनं शब्द एकदा तोंडात फिरवून पाहिला,
सोडून दिला, आणि पेरं मोजू लागली.
"बारा हजार.
तवऱ्यान पत्र्याची शेड झाली असती."

कोटींच्या बेरजा मी तोंडपाठ केल्या होत्या.
पुलाचा सुधारित खर्च, सुधारिताचा सुधारित.
बारा एके बारा
केलं नव्हतं.

बस चाळीस मिनिटांनी आली,
आणि थांबली ती पुढं, टॉवरच्या सावलीत.
तिला ठाऊक होतं, ती धावली नाही.
साखळी एकदा ओढून पाहिली, मग निघाली.
धावलो मी.