उलटा पंखा

बावीस वर्षं मी पंखे भरतोय.
रम्सच्या मागल्या गल्लीत, टायरवाल्याला लागून.
एसीच्या मुलखात पंखे कोण लावतं?
मजुरांच्या खोल्या, मशिदीचा व्हरांडा, बकऱ्या.

एक दिवस मतर आला. शिही, जाळीवाला.
नावाचा अर्थ पाऊस, आणि मागतो वारा.
जळका पंखा टेबलावर आपटून म्हणाला,
रफीक, हा उलटा चालव.
वारा मी देतो. वीज तू काढ.

उलटा म्हणजे गंमत नव्हे.
रोटर कापला, भंगारातली चुंबकं चिकटवली,
जाड तार काढून बारीक भरली, पुन्हा काढली.
लाकडाची पाती शमालनं दोन दिवसांत
शेजारच्या गोठ्यात नेऊन टाकली.
मग पाण्याचा पाइप उभा चिरला,
भुवयांवर आठवडाभर पांढरा भुगा.
खांबावर चढला इब्राहिम सारंग, जयगडचा पोर,
वरून ओरडला, चाचा, ही डोलकाठीच की,
शीड तेवढं वेडं झालंय!

बर्फाच्या शेडमध्ये दिवा लागला.
लागला, विझला, लागला,
दमेकऱ्याच्या बोलण्यासारखा.

दुबईचा सोलरवाला आला. कागद काढून म्हणाला,
एवढ्याशा वाऱ्यात याला भविष्य नाही.
खोटं नाही बोलला.
वारा दुप्पट, तर वीज आठपट,
इथवर हिशेब मोठा दिलदार.
पण वारा निम्मा झाला
की रुपयातले दोन आणे हातावर.
मिठानं खाल्लेले नटबोल्ट वेगळेच.
तेवढ्या पैशात छपरावर चार काचा येतात,
आणि काचेला बेअरिंग नसतं.

आल्या काचा. मीच बसवल्या.
त्या संध्याकाळी सहाला हात झटकतात.
जानेवारीत पहाटे तीनला
समुद्राकडून जे उठतं, त्याला सूर्याशी घेणंदेणं नाही.
मतरची होडी तेव्हाच परतते.
म्हणतो, दिवा बारीक होत मोठा झाला
की कळतं, तो माझाच. बाकीचे सरकारी.

मी खोलीत पडल्या पडल्या ऐकतो.
पात्यांचा नाही, बेअरिंगचा आवाज :
वाळू शिरली की ते आधी दात खातं.

आता कुणी पंखा दुरुस्तीला आणला
की बटण दाबण्याआधी
बोटानं एक गिरकी देऊन बघतो,
हा काय परत द्यायला तयार आहे.

आणि भविष्याचं विचाराल,
तर दर पंधरा दिवसांनी ग्रीस.