एकोणिसावी फेरी

चोपड्यात, बसस्टँडच्या मागच्या गल्लीत
माझं टीव्ही दुरुस्तीचं दुकान.
अडावदच्या एका गिऱ्हाइकाचा बत्तीस इंची सेट
तयार होऊन चार दिवस पडला होता,
न्यायला कुणी येईना. तोच लावला त्या दुपारी.

रेमली पावरा धावणार होती.
दहा हजार मीटर, पंचवीस फेऱ्या.
वैजापूरच्या वरच्या पाड्यावरून तिचा बाप आलेला,
नानसिंग. चप्पल दाराबाहेर काढली,
जणू आत देव मांडलाय.
रसवंतीवाला चरक बंद करून आला,
उसाचा वास अंगावर घेऊन.

दोन फेऱ्या दिसल्या.
त्याही गुडघ्यापर्यंत. खाली पट्टी सरकत होती
उद्याच्या क्रिकेटची वेळ सांगत.
पाय,
म्हणजे जे बघायला आम्ही जमलो होतो तेच,
पट्टीखाली.

मग सिमेंट. मग वेलची. मग पुन्हा सिमेंट.
मग कोट घातलेले तिघे काचेच्या टेबलाशी
कालच्या मॅचमधला सुटलेला झेल चघळत बसले.
"पोर कोठे गयी?"
"तुना टीव्ही खराब शे का भो?"
आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले,
मीच तिला मैदानातून उचलून नेल्यासारखे.

मी वायर हलवली. हलवायची काही गरज नव्हती.
तीस वर्षं पडद्यामागचं सगळं उघडून पाहिलंय:
फुगलेले कॅपॅसिटर, पालीची अंडी,
एकदा तर मुंग्यांचं अख्खं गाव.
माणूस गाळणारा भाग नेमका कुठे बसवतात
ते अजून सापडलं नाही.

परत आले तेव्हा शर्यत संपलेली.
जिंकणारीचे अश्रू: डावीकडून, उजवीकडून, वरून,
हळू, आणखी हळू.
एक थेंब हनुवटीला पोचेपर्यंत
आख्खी फेरी झाली असती.
मागे गवतावर, धूसर, कुणीतरी उताणी पडलेली.
"तीच," नानसिंग म्हणाला.
आम्ही कुणी नाही म्हणालो नाही.

दिवेलागणीला तिचा फोन आला.
सहावी आली. पण एकोणिसाव्या फेरीत,
ती धापा टाकत सांगत होती, अजूनही,
एकाच वळणावर चौघी मागे टाकल्या,
बाहेरच्या बाजूने,
त्यातली एक तर रेल्वेची.

नानसिंगने मला काउंटरच्या धुळीत
मैदान काढायला लावलं.
"कुठे?" फोनवर विचारलं,
आणि सांगितल्या जागी बोट टेकवून
बराच वेळ तसाच उभा राहिला.

मग सेटवर तळवा ठेवला. सेट गरम होता.
अगदी हळू म्हणाला,
ती फेरी आतच राहिली असंल ना?
खोलून काढता येईल?

मी पेचकस घेतला.
मागे सहा स्क्रू होते.
चार काढले.