मरणाची

कीथलीच्या वृद्धाश्रमात मी तळघरात धुणं बघायचे.
तिथं प्रत्येक कपड्याला नावाची पट्टी शिवलेली असते,
त्यामुळे माणसं मला आधी कॉलरपाशी भेटली.

हिल्डा सग्डन : फ्लॅनेलचे सहा गाऊन,
मोजे नेहमी विजोड.
चौदाव्या वर्षापासून लोकरीच्या गिरणीत.
यंत्रांच्या गोंगाटात ओठ वाचून बोलायची सवय,
म्हणून म्हातारपणीही शब्द असा उच्चारायची
जणू समोरच्याला तो दिसला पाहिजे.

जानेवारीत बॉयलर रुसला.
हिल्डा कर्स्टीला म्हणाली,
"स्टार्व्ह्ड झालेय गं मी."

कर्स्टी अठराची.
हा शब्द तिच्या तोंडात दिवसातून चारदा,
बसमधून उतरताना, क्रिस्पची पुडी फोडताना :
स्टार्व्हिंग! मेले भुकेनं!
तिनं टोस्ट आणला. मार्मलेड आणलं.
मग वाटीभर सूप.

हिल्डानं वाटीभोवती दोन्ही हात धरले
आणि चमचा उचललाच नाही.

वहीत नोंद झाली : भूक लागली म्हणतात. खात नाहीत.
दुसऱ्या दिवशी तेच.
तिसऱ्या दिवशी तेच, खाली रेघ मारून.
चौथ्या दिवशी वजनकाटा आणला.

तेव्हा डॉमिनो खेळता खेळता वेंडेलिन उठला.
युद्धकैदी म्हणून आलेला, सुटका झाली तरी न गेलेला,
बोलणं सगळं इथल्याच मेंढपाळांचं,
फक्त 'र' अजून राइनकाठचा.
अंगातलं कार्डिगन काढून त्यानं
हिल्डाच्या गुडघ्यांवर घातलं,
बाह्या खाली खोचल्या, बाळाला गुंडाळावं तशा.
"थंडी वाजतेय तिला," म्हणाला. "इतकंच म्हणतेय ती."

सत्तेचाळीसच्या हिवाळ्यात
बर्फ कुंपणाच्या भिंतींवरून गेलं होतं,
मेंढ्या काठीनं टोचून शोधायच्या.
मालकीण दारातून ओरडली :
आत ये पोरा, स्टार्व्ह होशील!
तो जागीच थिजला.
त्याच्या आईच्या भाषेत हाच शब्द, ष्टेर्बेन,
म्हणजे मरणं.
कशानं, ते शब्द सांगत नाही.
मालकिणीनं त्याला पाव दिला नाही,
नवऱ्याचा कोट दिला.

हे सगळं मला कर्स्टीनं सांगितलं,
टॉवेलांच्या ढिगावर बसून, क्रिस्प खात.
मला वाटलं, मूळचं घर मोठं असणार या शब्दाचं,
कुठलंही मरण आत मावेल एवढं.
मग भावकीत वाटण्या झाल्या :
बहुतेकांकडे भूक गेली,
इकडे टेकड्यांवर थंडी राहिली,
आणि कर्स्टीपर्यंत येता येता उरलं
जेवणाच्या सुट्टीआधीचं पाऊण तासाचं पोट.

आम्ही वाटणी केलीच नाही.
मरणाची थंडी, मरणाची भूक,
मरणाचं काम, मरणाचं ऊन,
हसून हसून मेले, लाजेनं मेले,
आणि ताट फारच उशिरा आलं तर
मरते ती भूक,
माणूस तसाच बसलेला.
कर्स्टीला हे सांगायला गेले, जमलं नाही.
ती म्हणाली, "म्हणजे तुम्ही सारख्या मरताच की!"

मार्चमध्ये हिल्डा गेली.
सकाळी सहाला वेंडेलिन दारात उभा,
एकच शब्द बोलला, त्याच्या भाषेतला.
कर्स्टीला कळला.
तरी ती आत गेली
आणि पायांवरचं ब्लँकेट हनुवटीपर्यंत वर ओढलं.

तिच्या गाठोड्यात कार्डिगन खाली आलं.
कॉलरला वेंडेलिनची पट्टी,
खिशात डॉमिनोची एक सोंगटी, तीन-दोन.
म्हणजे जानेवारीपासून वरचे सगळे
एक सोंगटी कमी घेऊन खेळत होते
आणि कुणी बोललं नव्हतं.

कोमट पाण्यात, हातानं धुतलं मी ते.
लोकर आटते.