शिक्र्याचा डोळा

कळंबच्या स्टँडवर, रसवंतीच्या बाकड्यावर
पाठ केला कायदा. अनुसूची, कलमं, दंड.
दंडाचं प्रकरण लवकर झालं,
ते घरात आधीपासूनच होतं.

धाराशिवला, वनविभागाच्या हॉलात
प्रश्न सतरावा: शिक्र्याच्या डोळ्याचा रंग?
पिवळा, नारिंगी, लाल, काळा.
पेन थांबलं.
पिल्लाचा पिवळा. मग नारिंगी.
लाल यायला उन्हाळे जावे लागतात.
बाप म्हणायचा, डोळा पिकतो, बोरासारखा.
पिकण्याला गोल छापलेला नव्हता.
लालचा गोल काळा केला.

प्रात्यक्षिकाला साहेबांनी चामड्याचा हातमोजा दिला.
खोक्यात मांजानं पंख कापलेली मादी,
चोच उघडी, धापा टाकणारी.
मी मोजा बाजूला ठेवला,
गमजानं तिचं डोकं झाकलं,
पाय दोन बोटांत धरले.
ती गप्प झाली. हॉलही.
"कुठं शिकलास रे?"
मी शिबिराचं नाव सांगितलं.

एक्क्याऐंशी मार्क. शिक्का. लॅमिनेशनचे वीस रुपये.
सुरमल पवार, माझा बाप,
ह्याच पाखरापायी तीन महिने आत बसलेला,
कार्ड उन्हात धरून उलटंपालटं करत राहिला.
"तुझा फोटू हाय," म्हणाला,
"पाखराचा कुठाय?"