खोगीरभरती

शाशामानेच्या बसतळामागे गाऱ्यांचा अड्डा आहे.
इथे गाडीला गारी म्हणतात.
घोड्याला त्याने काही फरक पडत नाही.

बोरा तिथे तीन पायांवर उभा होता.
चौथा खूर वाढून वाढून जुन्या सपातेसारखा वर वळलेला,
तोंडात बांधकामावरच्या सळईचा लगाम,
आणि खांद्यावर, जिथे पट्टा बसतो,
माझी मूठ मावेल एवढी जखम.
माश्यांनी तिथे बाजार भरवला होता.

माझ्याबरोबरचा नवा डॉक्टर म्हणाला, उचलून नेऊ या.
तरुण होता. त्याच्याकडे ट्रक होता.
गुदिनाने लगाम सोडला नाही. म्हणाला,
"न्या की. माझी चार पोरंही न्या.
ट्रकात जागा दिसतेय."

मी त्याला कोट आणि सदरा उतरवायला सांगितलं.
तो पट्टा, नायलॉनचा, टायरच्या तारा बाहेर आलेला,
त्याच्या उघड्या खांद्यावर टाकला
आणि गारीत बसले.
मी काही वजनाने हलकी नाही.
"चल," म्हटलं, "त्या कॉफीवालीपर्यंत."
चाळीस पावलं.
अड्डा पोट धरून हसत होता.
पंचविसाव्या पावलाला हसणं थांबलं.

परत आला तेव्हा काही बोलला नाही.
बोराजवळ गेला,
जखमेवर हात ठेवायला धजला नाही,
तिच्या कडेकडेने बोट फिरवत राहिला,
नकाशात आपलं गाव शोधावं तसं.

एकवीस दिवस जुंपायचं नाही, मी म्हणाले.
पगारदाराच्या तोंडी एकवीस हा
किती सोपा आकडा आहे.

तेव्हा वाको उठला, अड्ड्याच्या इद्दिरचा खजिनदार.
कोणी मेलं की तंबू, भांडी, पैसे
यांचा हिशेब त्याच्या वहीत असतो.
"मेलेल्यांसाठी पानं आहेत," म्हणाला,
"जिवंत घोड्यासाठी नाहीत."
बराच वेळ कान खाजवला.
मग वही उलटी केली
आणि मागच्या पानापासून लिहायला लागला:
प्रत्येक गारीमागे रोज एका फेरीचं भाडं.
कोणीतरी कुरकुरलं, उद्या माझं गाढव आजारी पडलं तर?
"तर तेही लिहू. नाव काय गाढवाचं?"

संध्याकाळी आम्ही पोती उसवली.
टेफचा पेंढा, फाटक्या गोधड्या,
कुणाच्या तरी मयत सासऱ्याचं लोकरी जाकीट.
मधोमध पोकळी राहील, कण्याला काही टेकणार नाही,
अशी भरती कशी करायची ते दाखवलं.
लोक फालतू गोष्टीला खोगीरभरती म्हणतात.
म्हणणाऱ्याच्या पाठीवर खोगीर नसतं.

सगळं काही सुरळीत झालं नाही.
अकराव्या दिवशी गुदिनाने त्याला गुपचूप जुंपलं,
सिमेंटच्या चार गोण्या, घरभाडं थकलं होतं.
खपली निघाली. मी ओरडले.
तो खाली बघत पाणी पाजत राहिला.
आणि गिरणीमागची ती करडी घोडी,
तिचा मालक आमच्याकडे आला
तेव्हा आम्ही फक्त तिचं डोकं मांडीवर घेऊ शकलो.
वाकोच्या वहीत तिचं नाव कुठल्या बाजूने लिहायचं
यावर वाद झाला.

बोराच्या खांद्यावर आता पांढरे केस उगवलेत,
तपकिरी अंगावर पिठाचा हात उमटल्यासारखे.
ते तसेच राहणार.

काल सकाळी गारी अड्ड्यावर थांबली.
गुदिनाने पट्ट्याखाली दोन बोटं सरकवून पाहिली,
मी शिकवलं होतं तशी, न बघता, सवयीने.
मग मागे बसलेल्या लेकीला खाली उतरवलं.
तिच्या दप्तराच्या पट्ट्याखालीही
तीच दोन बोटं घातली,
थोडा सैल केला,
आणि म्हणाला, जा.